आजीचे पाप कोणते? ख्रिस्ती श्रद्धेत पाप इतके गंभीर का मानतात?

शेवंती

नमस्कार. प्रश्न ख्रिस्ती श्रद्धेतला आहे, पण इतर धर्मांच्या सभासदांनीही मोकळेपणाने लिहावे.

माझे माहेर राहुरी तालुक्यातले. घराणे तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. माझी आजी रोज रात्री कंदिलाची वात बारीक करण्याआधी गोधडीवर गुडघे टेकून एकच वाक्य म्हणायची, "हे देवा, मज पापिणीवर दया कर." लूकच्या शुभवर्तमानात मंदिरात दूर उभा राहून ऊर बडवणाऱ्या जकातदाराची ती प्रार्थना आहे, हे मला पुष्कळ पुढे कळले. लहानपणी मात्र मला नवल वाटे. पहाटे उठून दळण दळणारी, दारी आलेल्याला भाकरी दिल्याशिवाय न सोडणारी, सुनांशीही कधी आवाज न चढवणारी ही बाई स्वतःला पापीण का म्हणवून घेते?

तो प्रश्न गेल्या रविवारी पुन्हा वर आला. आमच्या पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितले की देवापुढे लहान पाप आणि मोठे पाप असा भेद नाही. घरी येताना माझ्या बारा वर्षांच्या मुलाने विचारले, "मग मी दादाच्या वहीतून गणिते उतरवली आणि कोणी खून केला, तर देवाला दोन्ही सारखेच का?" मला उत्तर देता आले नाही. पापाला प्रतवारी आहे की नाही? आणि आजीसारखे माणूस रोज ते वाक्य म्हणते, ते नम्रता म्हणून, सवय म्हणून, की तिला काही ठाऊक असते म्हणून?

बावखल

शेवंतीताई, मी वसईचा, कॅथलिक. तुमच्या मुलाच्या प्रश्नाला आमच्या धर्मशिक्षणात 'सारखे नाही' असेच उत्तर मिळते. योहानाच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात मरणाला नेणारे पाप आणि मरणाला न नेणारे पाप असा भेद केलेला आहे, आणि आमच्याकडची शिकवण त्यावर उभी आहे. पहिल्या प्रकारचे पाप देवाशी असलेले नाते तोडते, दुसऱ्या प्रकारचे ते दुखावते पण तोडत नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात पहिल्या प्रकारासाठी तीन अटी दिल्या आहेत: गोष्ट मुळातच गंभीर असली पाहिजे, ती गंभीर आहे याची पूर्ण जाणीव असली पाहिजे, आणि तरीही ती जाणूनबुजून, स्वतःच्या इच्छेने केलेली असली पाहिजे. भीतीपोटी, अज्ञानाने किंवा जडलेल्या सवयीच्या जोराने काही घडले तर दोषाचे वजन कमी होऊ शकते.

हे सगळे पाठ असले तरी एक गोष्ट सांगतो. दर वर्षी उपवासकाळात मी पापनिवेदनाच्या, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली देण्याच्या, रांगेत उभा राहतो. जाळीपलीकडे फादरांचा कान आणि थोडा खांदा एवढेच दिसते. रांगेत असताना माझी सगळी पापे मला किरकोळ वाटत असतात. गुडघे टेकले की त्यांतल्या एकाशी जीभ अडते, आणि दर वेळी ते मी किरकोळ धरलेलेच असते.

करवंद

बावखल यांच्याशी आदरपूर्वक असहमत. पापांची यादी करून त्यांच्यावर 'नाते तोडणारे' आणि 'न तोडणारे' अशा चिठ्ठ्या लावल्या की माणूस दुसऱ्या यादीत निवांत बसतो. नव्या करारातल्या आपल्या पत्रात याकोब म्हणतो की सगळे नियमशास्त्र पाळून एका बाबतीत जो चुकतो, तो सर्वांविषयी दोषी ठरतो. आणि डोंगरावरच्या प्रवचनात येशूने 'खून करू नको' ही आज्ञा रागापर्यंत नेली, व्यभिचाराची आज्ञा नजरेपर्यंत नेली. ताई, तुमच्या पाळकांना हेच म्हणायचे असावे.

मात्र प्रॉटेस्टंट शिकवणीतही 'सगळी पापे सारखी' असे सरसकट म्हटलेले नाही. येशू स्वतः रोमी सुभेदार पिलाताला सांगतो की ज्याने मला तुझ्या हाती दिले त्याचे पाप अधिक आहे. धन्याची इच्छा ठाऊक असून न वागणाऱ्या चाकराला पुष्कळ फटके आणि ठाऊक नसलेल्याला थोडे, हेही त्याचेच बोलणे. मुलाला समजावण्यासाठी मी लूकच्या सातव्या अध्यायातले दोन कर्जदार घेईन. एकावर ५०० दिनारांचे कर्ज, दुसऱ्यावर ५० दिनारांचे. आकडे सारखे नाहीत आणि येशू ते सारखे आहेत असे म्हणतही नाही, पण फेडायला दोघांजवळही काही नव्हते. भेद कर्जात आहे, रित्या हातांत नाही.

दीपमाळ

मी हिंदू आहे. जिज्ञासा म्हणून वाचते आहे, आणि करवंद यांचा कर्जदारांचा दाखला मनाला पटला. पण माझी अडचण त्याही आधीची आहे. आमच्याकडेही पाप आहे, प्रायश्चित्त आहे, आणि 'पतितपावन' हे नाव तर प्रत्येक वारकऱ्याच्या तोंडी आहे. तरी पाप हे माणसाने केलेल्या कर्माचे असते. ख्रिस्ती धर्मात जन्मलेले बाळच पापी धरले जाते असे मी ऐकते. पाळण्यातल्या मुलाने काय केले? असे मानल्याने पाप गंभीर होते की उलट अर्थहीन होते?

तळटीप

दीपमाळ यांचा प्रश्न ख्रिस्ती जगात दीड हजार वर्षांहून अधिक काळ चर्चेत आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी पेलागियस नावाच्या ब्रिटिश तपस्व्याने जवळपास हाच आक्षेप घेतला होता: माणूस आदामाचे, म्हणजे पहिल्या माणसाचे, पाप घेऊन जन्मत नाही, तो आदामाचे अनुकरण करतो. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो नगरीचा बिशप ऑगस्टीन त्याच्या विरोधात उभा राहिला, आणि ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने पेलागियसची मते नाकारली. पश्चिमेकडची मूळ पापाची शिकवण ऑगस्टीनच्या छापाची आहे. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेत आदामाचा दोष मुलाच्या माथी येतो असे मानत नाहीत. मरण आणि दुर्बलता वारशाने येते, असे ते म्हणतात. तिथे पाप हा मुख्यतः आजार आहे आणि ख्रिस्त वैद्य आहे. आजही कॅथलिक शिकवणीत मूळ पाप हे बाळाने केलेले कृत्य नव्हे, ती जन्मतःच लाभलेली उणी अवस्था आहे, असा स्पष्ट खुलासा केला जातो.

ऑगस्टीनने हे नुसत्या तर्काने ठरवले नव्हते. आपल्या आत्मनिवेदनात त्याने सोळाव्या वर्षी केलेली चोरी सांगितली आहे. शेजारच्या झाडावरचे पेअर त्याने मित्रांबरोबर रात्री झोडपून आणले. भूक नव्हती. घरी त्याहून चांगली फळे होती. बहुतेक फळे डुकरांपुढे टाकली. खुनाच्या मानाने ही गोष्ट काहीच नाही, पण तो तिच्यावर पानेच्या पाने लिहितो, कारण त्याला तिच्यामागे कारण सापडत नाही. वाईट करण्यातच गोडी वाटली, एवढेच कारण उरते, आणि त्याला त्याचीच धास्ती वाटते.

शब्दाविषयीही थोडे लिहितो. नव्या करारातला पापासाठीचा ग्रीक शब्द 'हमार्तिया' आणि जुन्या करारातला हिब्रू धातू 'खाता', दोहोंचा मूळ अर्थ नेम चुकणे असा आहे. शास्ते या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात बन्यामीन वंशातले ७०० डावखुरे गोफणबाज आहेत, ते केसालाही गोफणीचा धोंडा मारत आणि चुकत नसत. तिथे 'चुकत नसत' यासाठी तोच धातू वापरलेला आहे. ज्याने शेतात गोफण फिरवली आहे त्याला ठाऊक असते की सुटताना बोटभर फरक पडला तर धोंडा पाखराऐवजी माणसालाही लागतो.

दीपमाळ

आजाराची उपमा मला जवळची वाटली. पण मग 'पापाचे वेतन मरण आहे' हे वाक्य मी जे सगळीकडे भिंतींवर रंगवलेले पाहते, त्यात वैद्य कुठे आहे?

करवंद

त्याच वाक्याच्या उत्तरार्धात आहे, दीपमाळताई. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातले ते वचन पुढे देवाच्या कृपादानाबद्दल आणि युगानुयुगाच्या जीवनाबद्दल बोलते. भिंत लहान पडली की अर्धेच रंगवतात. वेतन कमवावे लागते, दान कमवावे लागत नाही. त्या वचनाचा सगळा जोर या फरकावर आहे.

तळटीप

पाप इतके गंभीर का, याचे सर्वांत कडक उत्तर कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म याने १०९८ च्या सुमारास पूर्ण केलेल्या एका संवादग्रंथात दिले आहे. त्याचा शिष्य बोसो म्हणतो की खऱ्या पश्चात्तापाचा एक क्षण पाप पुसायला पुरेसा असावा. अन्सेल्म उत्तरतो, पापाचे वजन किती असते याचा तू अजून विचारच केलेला नाहीस. मग तो कल्पना करायला सांगतो: देवाने 'तिकडे पाहू नको' म्हटले आहे आणि तू न पाहिल्यास सारे विश्व नष्ट होणार आहे, तरी एक नजर टाकणे योग्य ठरेल का? बोसोला नाइलाजाने 'नाही' म्हणावे लागते. अपराधाचे माप कृतीच्या आकाराने ठरत नाही, तो कोणाविरुद्ध घडला यावरून ठरते, हा अन्सेल्मचा मुद्दा.

त्याच्या विचारावर त्या काळच्या सरंजामी समाजातल्या मानापमानाच्या कल्पनांची छाया आहे, अशी टीका होते आणि मला ती बऱ्याच अंशी मान्य आहे.

निळी शाई

मला ती पूर्ण मान्य आहे, आणि मी ती आणखी पुढे नेतो. 'कोणाविरुद्ध' याचे उत्तर नेहमी 'देवाविरुद्ध' असे दिले की ज्याच्यावर अन्याय झाला तो माणूस चित्रातून पुसला जातो. स्तोत्र ५१ मध्ये दावीद राजा म्हणतो, "तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केले आहे." मग त्याच्याच सैन्यातल्या उरीयाचे काय? दाविदाने त्याची बायको ओढून आणली, त्याला लढाईच्या ऐन धुमश्चक्रीत पुढे ठेवून मारवले, आणि प्रार्थनेत त्याचे नावही नाही.

मी दलित ख्रिस्ती कुटुंबातला आहे. माझ्या लहानपणी आमच्या गावच्या चर्चमध्ये दारू, तंबाखू आणि सिनेमा यांवर उपदेश होत असत. पण ज्या घरांनी आमच्या आधी धर्म स्वीकारला होता, ती पुढच्या सतरंजीवर बसत आणि आमच्याकडचे लोक दाराजवळ. प्रभुभोजनाचा प्याला त्यांच्याकडून फिरून शेवटी आमच्याकडे येई. याला कोणी पाप म्हटल्याचे मी एकदाही ऐकले नाही. पापाच्या गांभीर्याबद्दल बोलताना कोणाचे पाप गंभीर धरले जाते हेही पाहिले पाहिजे.

बावखल

निळी शाई, तुमचे म्हणणे कोणत्याही आडपडद्याशिवाय मान्य करतो. मिस्सेच्या, म्हणजे आमच्या उपासनेच्या, आरंभी आम्ही सगळे मिळून कबुली देतो, त्यात विचार, शब्द आणि कृती यांबरोबर 'जे करायला हवे होते ते न केल्याने' घडलेले पापही येते. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातला न्यायनिवाडा पाहा. डावीकडे उभ्या केलेल्यांनी काय केले म्हणून त्यांना दोष दिलेला नाही. भुकेल्याला दिले नाही, परक्याला घरात घेतले नाही, तुरुंगातल्याला भेटले नाहीत, याचा जाब त्यांना विचारला आहे.

तळटीप

उरीयाच्या बाबतीत एक नोंद. ते स्तोत्र नाथान संदेष्टा दाविदाकडे आल्यानंतरचे म्हणून दिलेले आहे, आणि नाथानाने दाविदापुढे प्रथम देवाचा अपमान मांडलेला नाही. त्याने एका गरिबाची एकुलती एक मेंढी मांडली, जी त्याच्या ताटातले खाई आणि त्याच्या कुशीत झोपे. दावीद संतापून म्हणाला की त्या श्रीमंताने चौपट भरपाई दिली पाहिजे. म्हणजे लुटलेल्या माणसाची बाजू आधी उभी राहिली, मग दावीद देवापुढे कोसळला.

निळी शाई

हे मी या बाजूने पाहिले नव्हते. तरीही उरीया परत आला नाही, एवढे नोंदवून ठेवतो.

पाणवठा

या धाग्यावर लिहू की नको, दोन दिवस विचार करत होते. माझा नवरा दारू पिऊन मारत असे. मी मदत मागायला गेले तेव्हा आमच्या पाळकांनी मला सत्तर वेळा सात या हिशेबाने क्षमा करायला सांगितले, आणि नवऱ्याला एका प्रार्थनेनंतर 'देवाने तुला मोकळे केले' असे सांगितले. पुढच्या आठवड्यात माझे मनगट मोडले.

पाप फार गंभीर आहे असे म्हणणारा धर्म मला जाचक वाटत नाही. त्या दिवशी कोणी ते गंभीर धरले असते तर मला आसरा मिळाला असता. कृपेचे बोलणे इतके घाईने झाले की माझ्यावर जे घडले ते पाप होते, हे माझ्यासमोर कोणी म्हटलेच नाही. आता मी वेगळी राहते, प्रार्थना करते, आणि क्षमा कधी करायची ते देव आणि मी ठरवू.

करवंद

पाणवठाताई, तुम्ही लिहिलेत याबद्दल आभारी आहे. मत्तयच्या अठराव्या अध्यायात क्षमेच्या त्या हिशेबाच्या अगदी आधी अपराध्याला समोर बसवून त्याचा अपराध दाखवण्याची, न ऐकल्यास एक-दोन साक्षीदार नेण्याची आणि तरीही न ऐकल्यास मंडळीपुढे आणण्याची आज्ञा आहे. ती गाळून पुढचे वाचणे ही त्या शास्त्रभागाशीच केलेली लबाडी आहे.

गवतफूल

माझा अनुभव उलट टोकाचा आहे, आणि तोही येथे असावा असे वाटते. मी नवव्या वर्षापासून झोपण्याआधी दिवसभरातली पापे मोजत असे, आणि एखादे विसरले असेल या भीतीने पुन्हा पहिल्यापासून मोजत असे. अठराव्या वर्षी डॉक्टरांकडे जावे लागले. नंतर कळले की प्रॉटेस्टंट चळवळीचा जनक मार्टिन ल्यूथर मठात असताना एका वेळी सहा सहा तास पापनिवेदन करत असे आणि बाहेर पडल्यावर राहिलेले आठवून परत जात असे. ज्याने १५१७ साली पंचाण्णव विधानांतले पहिलेच विधान 'विश्वासणाऱ्याचे संपूर्ण आयुष्य पश्चात्तापाचे असावे' या आशयाचे लिहिले, त्याला पश्चात्ताप आणि धास्ती यांतला फरक शिकायला वर्षे लागली. पाप गंभीर आहे हे मुलांना शिकवताना देव माफ करतो हे त्याच दमात शिकवावे, अशी माझी सर्व पालकांना कळकळीची विनंती आहे.

मांडवी

गोव्याहून लिहीत आहे. आमच्याकडे पापनिवेदनाला 'कुमसार' म्हणतात. आदामाच्या पतनाची कथा या भागातल्या लोकांनी मराठी ओव्यांतच ऐकली. फादर थॉमस स्टीफन्स यांचे पुराण १६१६ साली राशोल येथे छापले गेले, दहा हजारांहून अधिक ओव्यांचे. दीपमाळताई, पाप, मुक्ती, वैकुंठ हे शब्द तुमच्या आमच्या सामाईक घरातलेच त्यांनी घेतले, त्यामुळे तुम्हाला ही चर्चा अगदी परकी वाटत नसेल तर त्यात आश्चर्य नाही.

बावखल यांच्या जाळीबद्दल वाचून एक सांगावेसे वाटले. फादरांनी पापमुक्ती दिली की चोरलेली वस्तू आपली होत नाही. चोरी केली असेल तर परत करावी लागते, कोणाचे नाव बदनाम केले असेल तर ते सावरावे लागते. माझ्या मावशीने एकदा शेजारणीवर खोटा आळ घेतला होता. फादरांनी तिला प्रार्थना सांगितल्या नाहीत. ज्या ज्या घरी तू हे बोललीस त्या घरी जाऊन खोटे बोलले म्हणून सांग, असे सांगितले. सात घरे होती. पाचव्या घराच्या पायरीवर ती बसून रडली, आणि उठून सहाव्याला गेली.

शेवंती

सर्वांचे मनापासून आभार. मुलाला कर्जदारांचा दाखला सांगितला. तो म्हणाला, "म्हणजे मी ५० वाला." दुसऱ्या दिवशी त्याने गणिते खोडून पुन्हा सोडवली.

मांडवी यांचा प्रतिसाद वाचून मी काल रात्री आत्याला फोन केला आणि आजीच्या प्रार्थनेबद्दल सरळ विचारले. आत्या बराच वेळ बोलली नाही. मग तिने जे सांगितले ते तिच्या परवानगीने लिहीत आहे.

१९७२ च्या दुष्काळात आमच्या घरी ज्वारी शिल्लक होती आणि आजी ती मापाने विकत असे. तिचे पितळेचे मापटे होते. त्याच्या बुडाला आतल्या बाजूने पोचा होता, त्यामुळे दर मापामागे मूठभर धान्य कमी जाई. पोचा तिने पाडला नव्हता, पण तो आहे हे तिला ठाऊक होते, आणि ठोकून घ्यायला तांबटाची आळी लांब नव्हती. सबंध दुष्काळ तिने त्याच मापट्याने ज्वारी दिली. पुढे कधीतरी उपासनेत 'सर्वांनी पाप केले आहे आणि ते देवाच्या गौरवाला उणे पडले आहेत' हे वाचन झाले, आणि 'उणे' या शब्दाशी ती अडली. घरी येऊन तिने आत्याला मापटे दाखवले. त्यानंतर दर सुगीला ती ज्यांची नावे आठवत होती त्यांच्या घरी एकेक पायली ज्वारी पाठवत राहिली. कारण विचारले तर "देणे आहे" एवढेच सांगे. काही घरे गाव सोडून गेली होती, त्यांचा पत्ता लागला नाही. आत्या म्हणाली, ती प्रार्थना त्या वर्षीपासूनची आहे.

मापटे आत्याकडे आहे. पोचा तसाच आहे, आजीने तो शेवटपर्यंत ठोकू दिला नाही.

दीपमाळ

शेवंतीताई, पाण्याने डोळे भरले. बाळाविषयीच्या माझ्या प्रश्नाचे पूर्ण समाधान झाले असे म्हणणार नाही. पण जो पोचा आपण पाडला नाही तोही आपल्या हातात असला की आपला होतो, एवढे आज समजले.

निळी शाई

शेवंतीताई, तुमच्या आजीविषयी मनात आदर आहे. तो ठेवूनच लिहितो.

त्या दुष्काळात माझे वडील आठ वर्षांचे होते. आजोबा नालाबंडिंगच्या कामावर खडी फोडत आणि मजुरी मिळाली की तिची ज्वारी आणत. वडील सांगत की भाकरी थापून झाल्या की माझी आजी त्या मोजायची. पीठ कमी भरले तर चार पोरांच्या चार आणि आजोबांच्या दोन भाकरी व्हायच्या, तिची व्हायची नाही. ती तवा पुसून ते पाणी प्यायची आणि पोट भरले म्हणायची. कोणत्या घरच्या मापाने कमी आले, हे आमच्याकडे कोणाला कधी कळले नाही.

तुमच्या आत्यांकडे ती नावे अजून असतील तर, गाव सोडून गेलेल्या घरांची, मला कळवाल का? आमची माणसे त्या भागात पसरलेली आहेत. मी विचारून पाहतो.